खतावणी चुकली की चकती बिघडली?

मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात भिरा येथे वीज निर्माण करते. तरीही ताम्हिणीकडून पावसाचा जोर वाढला आणि तारांवर एखादी फांदी पडली की याच खोऱ्यातील गावांत दिवे जातात. समजा, तेथील तुमच्या शाळेत लिनक्सवर चालणारा पंधरा वर्षांचा जुना संगणक आहे आणि शाळेच्या पर्जन्यमापकाच्या सर्व नोंदी फक्त त्यातच आहेत. वीज परत आल्यावर तुम्ही तो सुरू केला. पण काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या. त्यांचा अर्थ असा : ‘अनपेक्षित विसंगती आढळली. एफएससीके स्वतः चालवा.’

आता काय कराल? घाई मात्र करू नका. आधी काय घडले ते समजून घेऊ.

किराणा दुकानात एकीकडे माल असतो, दुसरीकडे खतावणी. चकतीवरही तसेच असते. तिच्या लहान लहान खणांत तुमचे आकडे असतात, तर कोणती फाइल कोणत्या खणांत आहे, कोणते खण रिकामे आहेत, याचा हिशेब वेगळा ठेवलेला असतो. प्रत्येक फाइलीच्या नोंदपत्रकाला ‘आयनोड’ आणि साऱ्या हिशेबाच्या पहिल्या पानाला ‘सुपरब्लॉक’ म्हणतात. हे पान इतके महत्त्वाचे, की त्याच्या प्रती चकतीवर इतरत्रही ठेवलेल्या असतात.

माल ठेवला, पण खतावणीत लिहिण्याआधीच दिवे गेले, तर हिशेब जुळत नाही. म्हणून २००१ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या ‘ईएक्सटी३’ पद्धतीने रोजकीर्द ठेवायला सुरुवात केली. बदल आधी तेथे टिपायचा, मग खतावणीत चढवायचा. वीज गेलीच, तर रोजकीर्द वाचून हिशेब पुरा होतो. त्यातूनही विसंगती उरली, तर ‘एफएससीके’ हा तपासनीस एकेक पान ताडून पाहतो.

पण दोष दरवेळी खतावणीचाच असतो असे नाही. जुन्या संगणकात नाण्याएवढी एक बॅटरी घड्याळ चालू ठेवते. ती संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि ‘शेवटची नोंद भविष्यकाळातील आहे’ अशी तक्रार येते! तेव्हा पडद्यावरील तारीख पाहा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, विजेची पिन काढून, चकतीची केबल घट्ट बसली आहे ना तेही पाहा.

तिसरी शक्यता गंभीर आहे. ‘इनपुट आउटपुट एरर’ हे शब्द पुन्हा पुन्हा दिसले, किंवा चकतीतून टकटक आवाज येऊ लागला, तर दुकानाची फळीच मोडू लागली आहे असे समजा. अशा वेळी केवळ खतावणी दुरुस्त करून काय उपयोग? उलट तपासनिसाच्या फेऱ्यांनी फळी अधिकच खचेल.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करा. जुनी चकती ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडून पावसाचे आकडे दुसरीकडे उतरवून घ्या. चकतीच आजारी असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ने तिची संपूर्ण नक्कल काढा आणि पुढचे प्रयोग नकलेवर करा. चकती निरोगी असेल, तरच ती बंद करून तिच्यावर एफएससीके चालवा. तेही प्रथम नुसत्या तपासणीसाठी, मग दुरुस्तीसाठी. नाव हरवलेल्या फाइली सापडल्या, तर तो त्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात ठेवतो. तो कप्पा उघडून पाहायला विसरू नका.

एक गोष्ट मात्र तपासनिसाच्या हाती नाही. तो हिशेब जुळवतो. वाहून गेलेला माल परत आणत नाही. एका पावसाळ्याचे आकडे गेले, तर तो पावसाळा पुन्हा मोजता येत नाही. म्हणून दर शनिवारी त्यांची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. कागदाची वहीही चालेल!

करून पाहा : कागदावर वीस चौकोन आखून त्यांत तीन ‘फाइली’ भरा आणि शेजारी त्यांची खतावणी लिहा. मित्राला खतावणीत एकच चौकोन दोन फाइलींच्या नावे गुपचूप लिहायला सांगा. चूक शोधून काढा. त्या चौकोनाचा खरा मालक कोण, हे केवळ खतावणीवरून ठरवता येते का?