घरात ब्रेकर सुरू असताना ससा गप्प बसतो, म्हणजे तो शांत असतो का?

बाथरूमच्या टाइल्स फोडायला सकाळी ब्रेकर सुरू होतो. कुत्रा असेल तर भुंकून घर डोक्यावर घेतो, मांजर कपाटावर जाऊन बसते. ससा मात्र कोपऱ्यात अंग चोरून गप्प राहतो. 'आमच्या सशाला आवाजाचं काहीच वाटत नाही' असं मग घरचे कौतुकाने सांगतात. बहुतेक वेळा परिस्थिती नेमकी उलट असते.

ससा हा दुसऱ्यांची शिकार होणारा प्राणी. धोका जाणवला की थिजून बसायचं किंवा जीव घेऊन पळायचं, एवढंच त्याला ठाऊक. डोळे वटारलेले, कान पाठीला चिकटलेले, अंग ताठ, ही भीतीची लक्षणं. मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटला तर तो धोक्याचा इशारा. निवांत ससा पाय ताणून ऐसपैस लोळतो. शिवाय माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, सशाला ४० हजारांच्या आसपासचेही. त्यात तो पहाटे आणि संध्याकाळी हिंडणारा. त्याची झोपेची वेळ आणि मिस्त्रींच्या कामाची वेळ एकच.

खरी भीती मात्र पोटाची. सशाची आतडी सतत चालू राहावी लागतात, म्हणूनच तो दिवसभर गवत चघळत असतो. घाबरून खाणं थांबलं की आतड्यांची हालचाल मंदावते, गॅस धरतो, पोट दुखतं आणि दुखतंय म्हणून तो आणखी खात नाही. सशाला उलटीही होत नाही. हे चक्र जिवावर बेतू शकतं.

त्यामुळे कामाच्या दिवसांत सशाच्या लेंड्यांवर लक्ष ठेवा. त्या बारीक किंवा कमी होऊ लागल्या तर सावध व्हा. दहा-बारा तासांत त्याने काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्याच टाकल्या नाहीत, तर 'उद्या बघू' म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. सगळेच पशुवैद्य सशावर उपचार करत नाहीत, म्हणून असा डॉक्टर काम सुरू होण्याआधीच शोधून ठेवा. घरातल्या माणसांची औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका.

तोडफोडीच्या दोन-तीन दिवसांसाठी सर्वात चांगला उपाय म्हणजे सशाला ओळखीच्या घरी हलवणं. तिथे कुत्रा-मांजर नसावं. त्याचं नेहमीचं गवत आणि शी-शूचा ट्रे न धुता सोबत द्या, ओळखीच्या वासाने तो लवकर रुळतो. दोन ससे असतील तर दोघांनाही एकत्रच पाठवा.

ते शक्य नसेल तर कामापासून सर्वात लांबची खोली निवडा. पिंजऱ्याखाली जाड गोधडी घाला, म्हणजे जमिनीतून येणारी थरथर कमी होईल. आत पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, पण त्याला दोन दारं कापा. एकच वाट असलेल्या जागेत सशाला कोंडल्यासारखं वाटतं. पिंजऱ्यावर चादर टाकायची तर एक बाजू उघडी ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात बंद खोली आणि झाकलेला पिंजरा आवाजापेक्षा घातक ठरू शकतो. आवाज दाबायला मोठ्याने गाणी लावू नका, त्याने गोंगाटात भरच पडते. मिस्त्री जेवायला थांबले की त्याच्यापुढे ताजं गवत आणि कोथिंबीर ठेवा. खाल्लं तर बरंच आहे.

सशाला उताणं धरून 'झोपवण्याचे' रील्स खूप फिरतात. तो झोपलेला नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यासारखा तो निपचित पडलेला असतो, आणि त्याने त्याचा ताण वाढतो. घाबरलेल्या सशाला कवटाळूनही धरू नका. सुटायला तो मागचे पाय इतक्या जोरात झाडतो की त्याचा कणा मोडू शकतो. त्यापेक्षा जमिनीवर त्याच्या शेजारी बसा, आणि वाटलंच तर कपाळावरून हात फिरवा.

काम संपल्यावर त्याला लगेच मोकळं सोडू नका. रंगाचा वास जाऊ द्या, सिमेंटची धूळ आणि रंगाचे पोपडे पुसून घ्या. इलेक्ट्रिशियनने लोंबत ठेवलेल्या वायर्स आधी वर उचला, कारण त्यावर सशाचे दात पडायला वेळ लागत नाही.