कोटणिसांच्या वाटेवरील नगरे

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत टेरी टॉवेलचा माग चालू असताना क्षणभर थांबून पाहिले, तर वस्त्रविद्येतील एक मोठी सुबक युक्ती नजरेस पडते. मागावर दोन बीम असतात; एकावरचा ताणा ताठ ओढलेला, दुसऱ्यावरचा सैल सोडलेला. बाण्याचे पहिले दोन धागे फणी कापडाच्या कडेपासून किंचित अलीकडेच ठोकून ठेवते, आणि तिसऱ्या धाग्यासरशी तिन्हींना एकदम पुढे लोटते. त्याबरोबर सैल ताण्याचे सूत दोन्ही अंगांनी उचलले जाऊन त्याची बारीक वेटोळी उभी राहतात. सोलापुरी चादरीप्रमाणे या टॉवेललाही भौगोलिक निर्देशांकनाचा मान मिळालेला आहे. या परिसरात चीनचे नाव निघते ते दोन निमित्तांनी: बाजारपेठेतील बलाढ्य प्रतिस्पर्धी म्हणून, आणि याच शहरी १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची कर्मभूमी म्हणून.

चीनमधील कोणती नगरे पाहावीत, हा प्रश्न पुसणाऱ्यास प्रवासी कंपन्यांची पत्रके बीजिंग आणि शांघाय ही दोन नावे तत्परतेने सांगतात. ती नगरे थोर आहेत, यात वाद नाही. तथापि नगरांची तुलना करावयाची, तर हाती काही मापदंड हवा, आणि सोलापूरकरास तो कोटणिसांच्या प्रवासाहून अधिक योग्य कोठे मिळणार? काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी उभारलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ जहाजाने रवाना झाले. अलाहाबादचे अटल हे प्रमुख, नागपूरचे चोळकर उपप्रमुख, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले सत्तावीस वर्षांचे कोटणीस. त्यांनी ज्या क्रमाने नगरे ओलांडली, त्याच क्रमाने ती पाहत गेल्यास दक्षिणेकडून उत्तरेकडे चीनचा सारा पट उलगडतो.

पहिला मुक्काम ग्वांगझोऊ, म्हणजे तेव्हाचे कँटन. १७ सप्टेंबरला पथक येथे पोहोचले, तेव्हा स्वागतास सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वतः उपस्थित होत्या. पुढे सुमारे महिनाभरातच शहर जपान्यांच्या हाती पडले. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कोलकात्याहून ग्वांगझोऊस थेट विमान पुन्हा सुरू झाल्याने आजच्या भारतीय प्रवाशाचेही चीनमधील पहिले पाऊल बहुधा येथेच पडेल. हे नगर व्यापाऱ्यांचे. १९५७ पासून वसंतात आणि शरदात येथे भरणारा निर्यात-मेळा कापड-उद्योगातील प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. सकाळच्या चहाबरोबर वाफवलेल्या पदार्थांच्या लहान लहान करंड्या समोर ठेवून तास-दोन तास बोलत बसण्याची येथील रीत मात्र मेळ्याच्या घाईत हमखास निसटते.

वूहान ही खरे तर वूचांग, हँको आणि हानयांग या तीन गावांची मोट. यांगत्सेवरचा १९५७ चा दुमजली पूल, ज्याच्या खालच्या मजल्यावरून आगगाडी आणि वरून मोटारी जातात, तो पाहण्यासाठीच येथे उतरावे. पथक सप्टेंबरअखेर हँकोला पोहोचले, आणि शहर पडण्यापूर्वी नदीमार्गे वर सरकले.

चोंगचिंग हे दर्शनमात्रे चकित करणारे नगर. यांगत्से आणि ज्यालिंग यांच्या संगमावरील डोंगरउतारावर ते असे रचलेले आहे, की एका रस्त्यावरून इमारतीत शिरावे आणि दहा मजले उतरून दुसऱ्याच रस्त्यावर बाहेर पडावे. लिझिबा येथे तर आगगाडी राहत्या इमारतीच्या पोटातून आरपार जाते. कोटणिसांच्या चरित्रात मात्र हे गाव दुःखाचे आहे, कारण वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना येथे कळली. तरीही त्यांनी परतीचा मार्ग धरला नाही.

केवळ प्रवासी म्हणून एकच नगर निवडावयाचे झाल्यास मी शीआनच्या बाजूने कौल देईन. सुमारे चौदा किलोमीटर घेराच्या मिंगकालीन तटावरून, सायकल भाड्याने घेऊन, पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. तटाबाहेर दक्षिणेस इ.स. ६५२ मध्ये बांधलेला महाहंस स्तूप आहे. भारतातून आणलेल्या संस्कृत ग्रंथांच्या रक्षणासाठी तो ह्युएनत्संगाने उभारविला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन, येथील लोक स्वाभिमानी, उपकार स्मरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, असे महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा तोच हा यात्रिक. ज्या नगरातून तो भारताकडे निघाला, त्याच नगरातून तेरा शतकांनी एक सोलापूरकर पुढे येनानकडे गेला, या योगायोगाने माझे मन आजही हेलावते. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या तेथील गुहा-घरांतच दवाखाने चालत.

येथवरची नगरे पत्रकांत सापडतात. खरा जिव्हाळ्याचा मुलूख पुढे आहे: हपै प्रांत. शिज्याझुआंग हे विसाव्या शतकाच्या आरंभी एक खेडे होते. लोहमार्गांचा सांधा तेथे पडला आणि त्यापाठोपाठ सूतगिरण्या आल्या. १८६० साली रेल्वे आणि १८७७ साली जुनी गिरणी पाहिलेल्या सोलापूरकरास हा इतिहास परका वाटणार नाही. येथील हुतात्मा स्मशानभूमीत कॅनडाचे डॉ. बेथून आणि कोटणीस यांच्या समाध्या आहेत. बेथून यांचे नाव दिलेल्या रुग्णालयाची मुखत्यारी जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, पुत्र जेमतेम साडेतीन महिन्यांचा असताना, अपस्माराच्या झटक्यांनी बत्तिसाव्या वर्षी ते निवर्तले.

ज्या गेगोंग गावी ते निवर्तले, ते तांग तालुक्यात, बाओडिंग जिल्ह्यात येते. तायहांग पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यात बेथून आणि कोटणीस यांचे संयुक्त स्मारक आहे. त्याच बाओडिंग जिल्ह्याच्या सपाटीवर गाओयांग आहे, आणि गाओयांग म्हणजे चीनमधील टॉवेलचे प्रमुख केंद्र! विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील व्यापाऱ्यांनी त्येनजिनहून लोखंडी चाकांचे माग आणविले, शेतकऱ्यांच्या घरी सूत पोहोचविले आणि विणलेले कापड मजुरी देऊन उचलले. नानकाई विद्यापीठाच्या वू झि यांनी १९३० च्या दशकात या व्यवस्थेचा सविस्तर अभ्यास केला, तो अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर-पाहणीशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे. सावकारी सूत घेऊन घरोघर चालणारा माग दोन्हीकडे सारखाच भेटतो. ज्या युद्धाने गाओयांगचे माग बंद पाडले, त्याच युद्धातील जखमींवर, त्याच जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला, टॉवेलच्या गावी जन्मलेला एक तरुण शस्त्रक्रिया करीत होता. ही गोष्ट चीनमधील कोणत्याही राजवाड्याइतकीच पाहण्याच्या मोलाची आहे, असे मी आग्रहाने म्हणतो.

जाणे आता दुर्घट राहिलेले नाही. २०१२ च्या अखेरीस पूर्ण झालेल्या बीजिंग–ग्वांगझोऊ अतिजलद लोहमार्गावर ग्वांगझोऊ, वूहान, शिज्याझुआंग आणि बाओडिंग ही चारही स्थानके एकाच ओळीत येतात. चोंगचिंग, शीआन आणि येनानसाठी तेवढे पश्चिमेकडे वळावे लागते. हपैचा हिवाळा सोलापूरकरास सोसणारा नाही, म्हणून एप्रिल किंवा ऑक्टोबर धरावा. एप्रिलच्या आरंभी छिंगमिंग हा पितृस्मरणाचा सण येतो, तेव्हा शिज्याझुआंगच्या समाध्यांवर लोक फुले वाहतात. बीजिंगचा एखादा दिवस कमी करून बाओडिंगला दोन दिवस राखून ठेवावेत: एक तांगसाठी, दुसरा गाओयांगसाठी. आणि एमआयडीसीतला कोणी कारखानदार सोबत असेल, तर त्याने तेथील मागावरची वेटोळी स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहावीत, सुताचा नंबर विचारावा आणि तेथील विणकरालाही सोलापूरचा टॉवेल हाती द्यावा.