खुराड्यातील जादा नर

बंगळुरात घरामागे दहा-पाच कोंबड्या पाळणारी कुटुंबे अजूनही आहेत. हेसरघट्ट्याच्या वाटेला लागले, की परसांतून हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेल्या गिरिराज जातीचे भारदस्त, रंगीत पक्षी हिंडताना दिसतात. अशा हौशी गृहस्थाने वीस पिले आणली, तर त्यांत नर आणि माद्या साधारण निम्मेनिम्म निघतात. दहा तलंगांस एक नर पुष्कळ झाला. नुसती अंडीच हवी असली, तर त्याचीही गरज नाही. मग उरलेल्या नवांचे करावयाचे काय? चार महिन्यांत त्यांचे तुरे लाल होतात, पहाटेच्या अंधारापासून आरवण्याची चढाओढ लागते, झुंजीत डोकी रक्तबंबाळ होतात. आणि पुढे मांसही चिवट होत जाते.

या प्रश्नावर माणसाने काढलेला जुना तोडगा म्हणजे कोंबडा खच्ची करणे. बैल बडवतात, बोकड खस्सी करतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे; कोंबड्याचेही तसे करतात हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते. फ्रान्समधील ब्रेस प्रांतात नाताळच्या मेजवानीसाठी असे कोंबडे मुद्दाम वाढवितात, आणि आपल्याकडे नागा लोकांत ही विद्या परंपरेने चालत आलेली आहे. खच्ची कोंबड्याचा तुरा लहान व फिकट राहतो, तो सहसा आरवत नाही, भांडत नाही, आणि चरबी मांसात झिरपून ते मऊ राहते. इतकेच काय, तो पिलांना पंखांखाली घेऊन सांभाळतोसुद्धा.

हे असे का होते, याचा उलगडा 1849 साली जर्मनीतील गटिंगेन येथे बेर्टोल्ट नावाच्या प्राध्यापकाने केला. कोवळ्या कोंबड्यांची वृषणे त्याने काढली. काहींच्या पोटात मात्र एक वृषण मूळ जागेहून निराळ्या ठिकाणी पुन्हा ठेवून दिले. ते पक्षी तुरा, आरव, झुंज या सर्व बाबतींत पुरे कोंबडे झाले. वृषणातून काही द्रव्य रक्तात मिसळते आणि तेच शरीरभर हुकूम सोडते, हे यावरून दिसले. संप्रेरकांच्या शास्त्राचा आरंभ पुष्कळजण या प्रयोगापासून मानतात. पुढे अमेरिकेत शस्त्राऐवजी स्त्री-संप्रेरकासारख्या कृत्रिम औषधाची गोळी मानेच्या कातडीखाली घालू लागले. परंतु तिचा अंश खाणाराच्या पोटात जातो, म्हणून 1959 मध्ये ती बंद झाली.

राहता राहिले शस्त्रकर्म. त्यातील सारी अडचण एका गोष्टीत आहे. पक्ष्याची वृषणे बाहेर नसतात. ती पोटाच्या आत, पाठीच्या कण्याला लगटून, मूत्रपिंडांच्या पुढल्या टोकाशी असतात. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे असावे. त्या वयात वृषण गव्हाच्या दाण्यापेक्षा फारसे मोठे नसते. आदल्या दिवसापासून पिलास उपाशी ठेवतात, म्हणजे आतडी रिकामी होऊन वाट मोकळी होते. कुशीवर निजवून, पिसे उपटून, शेवटच्या दोन बरगड्यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा छेद घ्यावयाचा. छेदापूर्वी कातडी थोडी बाजूस ओढून धरतात, म्हणजे मागाहून ती सरकून जखमेवर आपोआप झाकण बसते. बरगड्या चिमट्याने फाकवून आतला पातळ पडदा फाडला, की पिवळसर दाणा दिसतो. एकाच बाजूने दोन्ही काढावयाची असतील, तर खालचे आधी काढावे. वरच्याचे रक्त ओघळले, तर खालचे दिसत नाही. आणि या दाण्याला अगदी खेटून शरीरातील मोठी रक्तवाहिनी गेलेली असते.

पूर्वी पंख व पाय दोरीने ताणून हे सर्व भुलीवाचून करीत. इंग्लंडात आज हे करू देत नाहीत. आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्याने खच्चीकरण विहित पद्धतीनेच करण्याची अट घातली आहे. घरच्या घरी, पुस्तक उघडे ठेवून करावयाचे हे काम नव्हे.

मी ते शिकावयास गेलो होतो. एका पशुवैद्य स्नेह्याने आरंभी मला खाटकाकडील मेलेली पिलेच उघडावयास लावली. सात-आठ पिलांनंतर तो दाणा अखंड निघू लागला आणि मला थोडा गर्व झाला. मग भूल दिलेले एक जिवंत पिलू त्यांच्या देखरेखीखाली माझ्या हाती आले. चिमटा केसभर खोल गेला. पोकळी रक्ताने भरली आणि मिनिटभरात ते पिलू गेले. स्नेही रागावले नाहीत; शिकताना असे होते, एवढेच म्हणाले. शिकणे माझे होते, जीव त्याचा होता. कार्यालयातील चुका मी पुन्हा कागद लिहून दुरुस्त करीत आलो आहे. ही चूक तशी नव्हती. जाणत्याने करावे, याला माझा आजही विरोध नाही. परंतु पाचपन्नास पिलांवर हात बसवून घेण्याइतकी गरज माझ्या परसाला नव्हती.

उरलेल्यांपैकी चार पिले त्यांनीच केली, बाकीची मी वेगळ्या खुराड्यात ठेवून चिवट होण्याआधीच विकली. त्या चारांतले तीन शांतपणे वाढले. चौथ्याचा तुरा तिसऱ्या महिन्यात लाल होऊ लागला. वृषणाचा कणभर तुकडा जरी आत राहिला, तरी तो पुन्हा वाढतो. हात कितीही सराईत असला, तरी हे अधूनमधून घडतेच. एके दिवशी पहाटे तो कुंपणावर चढून आरवला आणि शेजारच्या घरातला दिवा लागला.