टायट्रेशनचं उत्तर दुप्पट का येतं?

सल्फ्युरिक आम्लाचं १० मिली द्रावण पिपेटने फ्लास्कमध्ये घेतलं, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड भरलं आणि १६.४ मिलीला एंड पॉइंट आला. ‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’ सगळ्यांना पाठ असतंच. त्याने उत्तर येतं ०.१६४ मोलर. खरं उत्तर आहे ०.०८२.

हे सूत्र कुठल्याही टायट्रेशनला चालतं, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. मुळात ते पाणी घालून द्रावण विरल करण्याचं सूत्र. आम्ल आणि आम्लारी एकास एक खपत असतील, जसं हायड्रोक्लोरिक आम्लाचं होतं, तरच ते इथे जुळतं. सल्फ्युरिक आम्लाच्या एका मोलला दोन मोल हायड्रॉक्साइड लागतं. म्हणून आधी खपलेलं हायड्रॉक्साइड काढायचं: १६.४ गुणिले ०.१, म्हणजे १.६४ मिलिमोल. आम्ल त्याच्या निम्मं, ०.८२ मिलिमोल. ते १० मिलीत होतं, म्हणून ०.०८२ मोलर. संतुलित समीकरण न लिहिता केलेलं गणित हा निव्वळ जुगार. (०.१६४ हा आकडा अगदीच वाया जात नाही, ती त्या आम्लाची नॉर्मॅलिटी. जुने सर नॉर्मॅलिटीतच शिकवत, म्हणून त्यांचं सूत्र चुकत नसे.)

‘फ्लास्कमध्ये जास्त पाणी पडलं, रीडिंग गेलं!’ नाही गेलं. पाण्याने आम्लाचे मोल बदलत नाहीत. उलट काचेला चिकटलेले थेंब डिस्टिल्ड वॉटरने खाली उतरवायलाच हवेत. ब्युरेट आणि पिपेट मात्र पाण्याने ओले राहिलेले चालत नाहीत. जे द्रावण भरायचं, त्यानेच आधी विसळायचं.

सौम्य आम्लाला आम्लारी कमी लागते, हेही खरं नाही. ०.१ मोलर ॲसिटिक आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक, दोन्हींच्या १० मिलीला हायड्रॉक्साइड सारखंच लागतं. फरक दर्शकात पडतो. ॲसिटिक आम्लाचा समतुल्य बिंदू पीएच ७ वर नसून ८.७ च्या आसपास येतो. मिथिल ऑरेंज त्याच्या बरंच आधी रंग बदलून मोकळं होतं. इथे फिनॉल्फ्थॅलिनच हवं. त्याचाही फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. गडद गुलाबी म्हणजे तुम्ही पुढे निघून गेलात.

बाटलीवर लिहिलेल्या ‘०.१ मोलर’वरही विसंबू नका. सोडिअम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे नुसतं वजन करून अचूक द्रावण होत नाही. ते ऑक्झॅलिक आम्लासमोर प्रमाणित करून घ्या. आणि तीन रीडिंग जुळली नाहीत तर चौथं घ्या. जर्नलमध्ये तिन्हींपुढे १६.४ लिहिल्याने सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, मिळत नाही.