गाडीशेजारची रिकामी जागा

मॉल, रुग्णालय किंवा बँकेच्या आवारात दिव्यांगांसाठी राखीव पार्किंग निळ्या चौकोनातल्या व्हीलचेअरच्या चित्रावरून ओळखू येते. चित्र रंगवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग. खरे काम चित्राशेजारच्या मोकळ्या पट्ट्याचे असते आणि नेमका तोच अनेक ठिकाणी आखायचा राहून जातो.

मोटारीसाठी एरवी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा पुरते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दिव्यांगांच्या जागेची रुंदी मात्र किमान ३.६ मीटर हवी. हा वाढीव मीटर कशासाठी, ते गाडीतून उतरणाऱ्या माणसाकडे पाहिले की कळते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवणारा चालक आधी दार पूर्ण उघडतो, शेजारच्या सीटवरची खुर्चीची चौकट मांडीवरून बाहेर काढतो, तिला चाके बसवतो, खुर्ची सीटला भिडवतो आणि हातांवर अंग तोलून तिच्यात सरकतो. मग खुर्ची मागे घेऊन दार लावायचे असते. परतताना तर अडचण वाढते: दरम्यान कोणी अगदी खेटून गाडी लावली असेल, तर स्वतःच्याच गाडीत शिरता येत नाही.

दोन राखीव जागा शेजारी असल्या तर मधला १.२ मीटरचा एकच पट्टा दोन्ही गाड्यांना चालतो. भारतात चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे डावीकडच्या जागेत गाडी सरळ घातली की चालकाचे दार पट्ट्याकडे येते. उजवीकडच्या जागेत त्यासाठी रिव्हर्स घ्यावी लागते. प्रवासी दिव्यांग असेल तर हिशेब उलटा.

जागा कुठे द्यायची हे टेपने ठरते. प्रवेशद्वारापासूनचे अंतर ३० मीटरपेक्षा जास्त नसावे, आणि ते मोजायचे खुर्चीच्या वाटेने. नकाशावर सरळ रेषेत वीस मीटर दिसणारे अंतर झाडाच्या कुंड्या, ट्रॉल्यांची रांग आणि गाड्यांची ये-जा टाळत गेले की दुप्पट होते. तळघरात इमारतीच्या दारापेक्षा लिफ्टचे दार जवळ असणे महत्त्वाचे.

त्यानंतर येतो उतार, आणि जुन्या आवारात घोडे इथेच अडते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून जमिनीला ढाळ दिलेला असतो. तो जास्त झाला की माणूस सीटवरून सरकत असतानाच खुर्ची हलू लागते. अमेरिकेत अशा जागेला कोणत्याही दिशेने ४८ला १ पेक्षा जास्त उतार चालत नाही. आपल्याकडेही लेव्हल ट्यूब धरून आवारातला सर्वांत सपाट कोपरा शोधणे शहाणपणाचे, कारण पुढे फरशी उखडण्याचा खर्च वाचतो. खचलेले पेव्हर ब्लॉक आणि रुंद फटींच्या गटारजाळ्याही याच टप्प्यावर बदलाव्या लागतात. खुर्चीची पुढची लहान चाके तिथेच अडकतात.

पट्ट्यापासून दारापर्यंत एकही पायरी चालत नाही. १५ सेंटीमीटर उंच फुटपाथवर चढायला १२ला १ या प्रमाणात १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. जागा वाचवण्यासाठी तो मोकळ्या पट्ट्यातच उतरवला जातो आणि पट्टा निकामी होतो. वाट गाड्यांच्या समोरून जात असेल तर चाके अडवणारे ठोकळे बसवावेत, नाहीतर बॉनेट वाटेवर येतात.

आखणी शेवटी. रंग गुळगुळीत असेल तर पावसात त्यावर घसरायला होते, म्हणून त्यावर खरखरीत वाळू पसरतात. पट्ट्यात तिरक्या रेघा मारतात. जमिनीवरचे चित्र गाडीखाली झाकले जात असल्याने खांबावरचा फलकही लागतो.

महाराष्ट्रातल्या पार्किंगमध्ये आणखी एक वाहन हमखास दिसते: मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर. एका मीटरच्या दुचाकी खणात ती मावत नाही, आणि मोटारीच्या राखीव जागेतून वॉचमन तिला हुसकावतो. अनेक दिव्यांगांचे हेच रोजचे वाहन असल्याने तिच्यासाठी वेगळी रुंद आखणी आवश्यक आहे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार जनतेसाठी खुल्या असलेल्या खासगी व्यापारी इमारतीही ‘सार्वजनिक इमारत’ ठरतात आणि सुगम्यतेचे मानदंड त्यांना लागू होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मानदंडांचा किमान भाग सक्तीचा करण्याचे आदेश केंद्राला दिले.

आखलेली जागा टिकवणे मात्र गेटवरच्या माणसाच्या हाती असते. तिरक्या रेघांचा पट्टा मोकळा दिसला की तिथे दुचाक्या शिरतात. मग कोणी साखळी लावतो. ती काढायला खुर्चीवरच्या माणसाला गाडीतून उतरावे लागते. त्यापेक्षा वॉचमनला पट्ट्याचे कारण समजावणे उपयोगी. पावसाळ्यानंतर रंग पुन्हा मारायचा असतो, आणि डांबराचा नवा थर पडला की उतार व रॅम्पची उंची नव्याने मोजायची असते.