पायात गोळा येतो, पण केव्हा?

शहापूर-मुरबाडकडे लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून काम केले, की रात्री पोटरीत गोळा येणे नवे नाही. पण मधुमेह असेल तर ‘शिणवटा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. गोळा केव्हा येतो ते पाहा.

चालताना पोटरी आवळते आणि थांबल्यावर सुटते? मग पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. रात्री गोळ्याबरोबर मुंग्या, जळजळ, बधिरपणा असेल, तर मज्जातंतूंवर परिणाम झाल्याची शंका घ्यावी. साखर वाढली की लघवी वारंवार होते, त्यात घाम. पाणी आणि क्षार घटूनही गोळे येतात. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधेही कारण ठरतात. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते.

औषध मनाने बंद करू नका. हे सारे डॉक्टरांना सांगा; रक्त आणि पायाची नाडी तपासून घ्या. बधिर पायाला रुतलेला काटा कळत नाही, आणि चिघळलेल्या जखमेने पाय गमावण्याची पाळी येते. शेतावरून आल्यावर पाय धुवा, बेचक्या कोरड्या करा, तळवे रोज पाहा.