सायकलचं मागचं फ्रीव्हील बदलताना : किती दात्यांचं घ्यावं?



शाळेत सायकलवर येणाऱ्या मुलांची एक तक्रार नेहमी कानावर येते, "सर, जोर दिला की चेन सटकते." ही तक्रार साधी समजू नका. रस्ता ओलांडताना मूल पायडलवर उभं राहून जोर देतं आणि नेमकी त्याच वेळी चेन सटकली, तर तोल जातो. म्हणून बिनगिअरच्या सायकलचं मागचं दातेचक्र, म्हणजे फ्रीव्हील (बोलताना आपण फ्रायव्हील म्हणतो), कधी बदलायचं आणि कोणतं घ्यायचं ते आज समजून घेऊ. यात सहावी-सातवीचं गुणोत्तरही आपोआप शिकून होतं.

१) बदलायची वेळ आली का?

दाते नीट पाहा. नवा दाता दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दाता एका बाजूला कलतो आणि टोकदार होतो. चेनही तपासा. तिच्या एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच अंतर असतं. म्हणजे २४ अंतरांना बरोबर १२ इंच. कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटीमीटरचीच असते, म्हणून ३० सेंटीमीटरची मोठी पट्टी घ्या, तिच्या दुसऱ्या कडेला बहुधा इंच असतात. चेन ताणून मोजा. १२ इंचांच्या वर १/१६ इंच भरलं तर चेन बदला. १/८ इंच भरलं तर दातेही झिजले आहेत असं समजा. अशा वेळी नुसती नवी चेन टाकून भागत नाही, कारण नवी चेन जुन्या झिजलेल्या दात्यांवर जास्तच सटकते. दोन्ही एकदम बदलावं.

दाते चांगले आहेत, पण पायडल मारलं तरी चाकाला जोर लागत नाही, अधूनमधून मोकळंच फिरतं, तर फ्रीव्हीलच्या आतले खटके खराब झालेले असतात. तेव्हाही फ्रीव्हील बदलावं लागतं.

२) किती दात्यांचं घ्यावं?

जुन्या फ्रीव्हीलचे दाते मोजा. एका दात्यावर खडूची खूण करा म्हणजे मोजणी चुकत नाही. पुढच्या चक्राचेही मोजा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक ४४ ÷ १८, म्हणजे सुमारे २.४४ फेरे फिरतं. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरू. आता हा तक्ता पाहा (पुढे ४४ दातेच आहेत) :

मागे १६ दाते : २.७५ फेरे, सुमारे ६ मीटर
मागे १८ दाते : २.४४ फेरे, सुमारे ५.४ मीटर
मागे २० दाते : २.२ फेरे, सुमारे ४.८ मीटर
मागे २२ दाते : २ फेरे, सुमारे ४.४ मीटर

मागचे दाते वाढले की एका फेऱ्यात अंतर कमी कापलं जातं, पण पायाला जोर कमी लागतो. १८ ऐवजी २२ घेतलं तर जोर सुमारे १८ टक्के कमी लागतो. मात्र ४ किलोमीटरच्या शाळेला १८ दात्यांवर सुमारे ७४० फेरे मारावे लागत असतील, तर २२ वर सुमारे ९१०. कष्ट नाहीसे होत नाहीत, ते थोडे थोडे करून वाटले जातात.

म्हणून रस्ता सपाट असेल आणि मूल आरामात चालवत असेल, तर आहेत तेवढेच दाते घ्या. वाटेत चढ असेल, पाठीवर दप्तर असेल किंवा मूल दरवेळी उभं राहून पायडल मारत असेल, तर २ दाते जास्त घ्या. "लहान चक्र घेतलं की सायकल जोरात पळते" असं मुलं म्हणतात. ते पळवणारे पाय दमले की सायकल भिंतीला टेकून राहते, हे त्यांना तक्त्यावरून पटवून द्या.

३) चेनचं काय?

मागे २ दाते वाढले की चेन अर्धा इंच जास्त लागते. मागचं चाक खाचेत साधारण ६ मिलीमीटर पुढे सरकवलं की ते भागतं. ४ दाते वाढवले तर चेन एक इंच जास्त लागते, म्हणजे एक पूर्ण कडी वाढवावी लागते.

रुंदीही पाहा. बिनगिअरच्या सायकलला सहसा १/८ इंच रुंदीची चेन असते. गिअरच्या सायकलची चेन त्याहून अरुंद असते, ती जाड दात्यांवर बसत नाही. जुनं फ्रीव्हील आणि चेनचा तुकडा दुकानात सोबत नेलात तर चूक होणार नाही.

४) बसवताना

फ्रीव्हील आट्यांवर बसतं आणि पायडल मारताना आणखी घट्ट होत जातं. त्यामुळे ते काढायला खास पाना लागतो. छिन्नी-हातोडी घरी चालवू नका, हे काम दुकानदाराकडूनच करून घ्या. बसवून झालं की चेन मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा, साधारण एक सेंटीमीटर हलायला हवी. चाक दोन्ही बाजूंनी सारखं मधोमध आहे ना, नट घट्ट आहेत ना आणि मागचा ब्रेक लागतो ना, हे तपासल्याशिवाय मुलाला सायकल देऊ नका.

वर्गात करून पाहा : आवारातल्या ३-४ सायकलींचे पुढचे-मागचे दाते मुलांना मोजायला सांगा आणि गुणोत्तर काढू द्या. मग पायडलचा एक फेरा देऊन सायकल किती पुढे गेली ते टेपने मोजा. फळ्यावरचं उत्तर आणि जमिनीवरचं अंतर जवळपास जुळलं की गुणोत्तर वेगळं शिकवावं लागत नाही.